घरचा कोड सर्व्हर : बाहेरून सुरक्षित प्रवेश

घरात कायम चालू ठेवलेला जुना लॅपटॉप, मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय यावर ब्राउझरमध्ये उघडणारा एडिटर बसवून बाहेरगावाहून काम करण्याची सोय. यंत्र देवगडच्या घरी आणि माणूस नोकरीला मुंबईत, किंवा यंत्र मुंबईत आणि चाकरमानी गणपतीला गावी, असा दोन्ही प्रकारचा वापर होतो. ‘कोड-सर्व्हर’ हा यासाठीचा प्रचलित प्रोग्राम. तो मुळात १२७.०.०.१ या पत्त्यावर, पोर्ट (यंत्राचे क्रमांकित दार) ८०८० वर, म्हणजे फक्त त्याच यंत्रापुरता ऐकतो. बाहेरून दिसावा म्हणून तो पत्ता ०.०.०.० (म्हणजे कुठूनही खुला) करून राउटरवर पोर्ट उघडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. एडिटरमध्येच टर्मिनल, म्हणजे यंत्राला थेट आज्ञा देण्याची खिडकी, असते. त्यामुळे पासवर्ड ज्याच्या हाती लागला, यंत्र त्याचे. गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) चाव्या आणि डेटाबेसचे पासवर्डही त्यासोबत गेले.

पोर्ट उघडूनही अनेकदा काही होत नाही, कारण कनेक्शन सीजीनॅटमागे असते: एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला की ओळखावे. हे राउटरवरच पाहावे. टेलस्केल ही यंत्रे खाजगी जाळ्यात जोडणारी सेवाही याच पट्ट्यातले पत्ते वाटते, त्यामुळे लॅपटॉपवर पाहणारा हमखास फसतो. अशा वेळी घरात बाहेरून शिरण्याचा नाद सोडून घरानेच बाहेर हाक घालायची. टेलस्केल हे काम जवळजवळ आयते करते. स्वतःच्या हाती ठेवायचे असेल तर एक छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड, म्हणजे यंत्रांमध्ये कूटबद्ध बोगदा उभारणारा प्रोग्राम, बसवतात. व्हीपीएस मुंबईच्या डेटा सेंटरमधला घ्यावा; स्वस्त म्हणून अमेरिकेतला घेतला तर प्रत्येक अक्षर उशिरा उमटते.

वायरगार्ड २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे (आवृत्ती ५.६). ओळख न पटलेल्या डेटाच्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही, म्हणून पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. व्हीपीएसवर यूडीपी ५१८२० उघडावा आणि आयपी फॉरवर्डिंग (आलेली पाकिटे पुढे धाडणे) चालू करावे. घर, लॅपटॉप आणि फोन यांना १०.८.०.० या जाळ्यातला एकेक पत्ता आणि स्वतंत्र चावी द्यावी. घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवावे, नाहीतर थोडा वेळ शांतता राहिली की राउटर वाट विसरतो. जोडणी होते, लहान आज्ञा चालतात, पण एडिटरचे पान अर्धवट लटकते, असे झाल्यास एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १२८० करून पाहावा.

पाकिटे व्हीपीएसवर उलगडली जातात, म्हणून बोगद्याच्या आतही एसएसएच (दूरच्या यंत्रात कूटबद्ध मार्गाने शिरण्याची पद्धत) वापरावे: ईडी२५५१९ प्रकारची चावी, पासवर्डने प्रवेश बंद, रूटला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) मज्जाव. एसएसएचमधून ८०८० पोर्ट आपल्या लॅपटॉपवर ओढला की ब्राउझरला तो स्थानिक वाटतो, आणि सुरक्षा प्रमाणपत्राची भानगड उरत नाही.

कोकणात खरी परीक्षा पावसाळ्यात होते. वीज जाते-येते, आणि यंत्र आपोआप उठत नसेल तर सगळी कुलुपे व्यर्थ; वैतागलेला माणूस शेवटी पोर्ट उघडतो. मिनी पीसीच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर सुरू होण्याचा पर्याय निवडावा आणि वायरगार्डची सेवा बूटवेळी ‘इनेबल’ करावी. रास्पबेरी पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. अचानक वीज गेल्यास त्याचे घड्याळ मागे पडून उठते. वायरगार्डच्या हस्तांदोलनात (जोडणी सुरू करतानाच्या ओळखीत) वेळेचा शिक्का असतो आणि आधीच्या शिक्क्याहून जुना शिक्का व्हीपीएस नाकारतो. इंटरनेटवरून वेळ जुळली की गाडी रुळावर येते. मात्र ‘अलाउड आयपीज’मध्ये (बोगद्यातून जायच्या पत्त्यांच्या यादीत) ०.०.०.०/० लिहून सगळी रहदारी बोगद्यातून वळवली असेल तर वेळ विचारायची वाटही त्याच बंद बोगद्यातून जाते. मग तिढा सुटत नाही आणि कुणीतरी घरी जाऊन हात लावावा लागतो. म्हणून तिथे फक्त १०.८.०.०/२४ लिहावे.

फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही मिनी यूपीएसवर असावेत. एकालाच बॅकअप दिलेला पुष्कळदा आढळतो. एसडी कार्ड अचानक वीज गेल्याने बिघडते, त्याऐवजी एसएसडी बरी. वादळात, जून २०२० च्या निसर्गसारख्या, दिवसचे दिवस वीज नसते. तेव्हा कोणतीही मांडणी चालत नाही, म्हणून कोड रोज दुसरीकडे पुश केलेला, म्हणजे पाठवून ठेवलेला, असावा. विजा कडाडताना तांब्याची लॅन केबल घातक ठरते, फायबर नाही.

फोन हरवल्यास व्हीपीएसवरून त्याची तेवढी चावी काढावी. बाकीच्यांना धक्का लागत नाही. कोकण रेल्वेतून काम करणाऱ्याने टर्मिनलचे काम टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सुरू करावे: करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात जोडणी तुटली, तरी घरी चाललेले बिल्ड थांबत नाही.