बर्ट ट्राउटमन छावणीतून थेट मँचेस्टर सिटीत गेला नव्हता

जर्मन पॅराट्रूपर, ब्रिटिशांचा युद्धकैदी आणि तिथून थेट मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबचा गोलकीपर, अशी बर्ट ट्राउटमनची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. यात मधली वर्षं गाळली जातात, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहेत.

लँकेशायरमधल्या अ‍ॅश्टनच्या छावणीत तो आधी गोलकीपर नव्हताच. एका सामन्यात दुखापत झाली म्हणून त्यानं गोलकीपरशी जागा बदलली, ती कायमचीच. १९४८ मध्ये मायदेशी परतायची संधी नाकारून तो आधी शेतावर राबला, मग न फुटलेले बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात. त्याच वर्षी सेंट हेलेन्स टाउन या इंग्लंडच्या मुख्य लीगबाहेरच्या छोट्या क्लबकडून खेळू लागला. त्याला बघायला गर्दी व्हायला लागली, नाव झालं, आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये सिटीनं त्याला घेतलं. त्यावर हजारो लोकांनी निदर्शनं केली.

मान मोडल्याचं ठाऊक असूनही तो १९५६ ची एफए कप (इंग्लिश फुटबॉलमधली बाद फेरीची स्पर्धा) फायनल खेळत राहिला, असंही सांगतात; तेही खरं नाही. वेदना भयंकर होत्या, बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, म्हणून तो खेळत राहिला. पण मान मोडल्याचं कळलं ते काही दिवसांनी, एक्स-रे काढल्यावर.