नियमांचा निर्वाळा (व्हॅम्पायर : द इटर्नल स्ट्रगल)

‘व्हॅम्पायर : द इटर्नल स्ट्रगल’ या संग्राह्य पत्त्यांच्या खेळात एखाद्या पत्त्यावरच्या मजकुराचे किंवा मूळ नियमाचे दोन अर्थ निघू लागले, की त्यांतला कोणता धरायचा हे ठरवण्याची पद्धत. खेळाडू तिला नुसते ‘रूलिंग’ म्हणतात. हा खेळ रिचर्ड गारफील्ड यांनी रचला. विझार्ड्स ऑफ द कोस्टने तो १९९४ साली ‘जिहाद’ या नावाने बाजारात आणला आणि १९९५ मध्ये त्याचे नाव बदलले. २००० पासून व्हाइट वुल्फने पत्ते छापले. २०१० मध्ये छपाई थांबल्यावर व्हीईकेएन या खेळाडूंच्या संघटनेने खेळ जिवंत ठेवला आणि २०१८ पासून ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्स पत्ते काढते आहे. इतक्या हातांतून गेल्यामुळे एकाच पत्त्याच्या वेगवेगळ्या काळातल्या प्रतींवर वेगवेगळी वाक्ये सापडतात. बरेच वाद तिथूनच निघतात.

बैठक. खेळ चार-पाच जणांत रंगतो. प्रत्येकाकडे ३० पूल (हा संपला की खेळाडू बाद), किमान १२ पत्त्यांची क्रिप्ट (व्हॅम्पायरांचा गठ्ठा) आणि ६० ते ९० पत्त्यांची लायब्ररी (बाकीच्या पत्त्यांचा गठ्ठा) असते. हातात ७ पत्ते. डावीकडचा खेळाडू आपले सावज (प्रे), उजवीकडचा आपला शिकारी (प्रेडेटर). सावजाचा पूल संपला की शिकाऱ्याला एक विजयगुण आणि ६ पूल मिळतात, मग शेवटचा घाव कोणाचाही असो. पूल आणि व्हॅम्पायरवरचे रक्त यांसाठी एकच मोहरे चालतात. पाच जणांच्या डावाला दीडशेच्या वर मोहरे लागतात. प्लॅस्टिकचे मणी नसतील तर चिंचोके उत्तम, फक्त ते एका आकाराचे निवडून घ्यावेत. जुन्या ‘जिहाद’ पत्त्यांची पाठ नंतरच्या पत्त्यांपेक्षा वेगळी आहे, म्हणून दोन्ही मिसळायचे तर आरपार न दिसणारी वेष्टणे घालावी लागतात.

कोणाचा शब्द वरचा. पत्ता आणि नियमपुस्तिका यांत विरोध आला तर पत्ता जिंकतो, हा खेळाचा पहिला नियम. मात्र इथे पत्ता म्हणजे त्याचा सध्याचा अधिकृत मजकूर. हातातल्या प्रतीवर काय छापले आहे याला महत्त्व नाही. १९९४ ची प्रत असो की कालची, दोन्ही आजच्या शब्दांनिशीच खेळायच्या. जुन्या पत्त्यांवर ‘टॅप’, ‘अनटॅप’ दिसते, नव्यांवर ‘लॉक’, ‘अनलॉक’, अर्थ तोच : वापरलेला पत्ता आडवा करणे आणि पुन्हा सरळ करणे. मजकूर आणि पुस्तिका दोन्ही वाचून शंका उरली तर त्या पत्त्यावर आधी दिलेले अधिकृत निर्वाळे पाहावेत. एका पत्त्याचा निर्वाळा ‘तसल्याच’ दुसऱ्या पत्त्याला आपोआप लागू होत नाही. दोन्हींचे शब्द जुळत असतील तरच तो लावावा. स्पर्धेत पंचाचा निर्णय अखेरचा असतो.

शब्दांचे सापळे. मिनियन म्हणजे व्हॅम्पायर किंवा सहकारी (अलाय). मेजावर बोलताना सगळे सरसकट ‘तुझा व्हॅम्पायर’ म्हणतात आणि नंतर सहकाऱ्यावर न चालणारा पत्ता त्याच्यावर टाकून बसतात. ‘रेडी’ हा त्याहून मोठा सापळा. रेडी म्हणजे टॉरपरमध्ये (जबर घायाळ व्हॅम्पायरांच्या विभागात) नसलेला, रेडी विभागात असलेला. लॉक झालेला मिनियनही रेडीच असतो. त्याला अडवता किंवा प्रतिक्रियेचा पत्ता खेळता येत नाही (‘वेक’ प्रकारचा पत्ता खेळला तर गोष्ट वेगळी), पण ‘एक रेडी व्हॅम्पायर निवडा’ असे म्हटले असेल तर तो निवडता येतो. यशस्वी ब्लीडबाबतही (ब्लीड म्हणजे दुसऱ्याचा पूल घटवणारी कृती) अशीच गल्लत होते : किमान १ पूल गेला तरच ‘एज’ ही वरचढपणाची खूण हातात येते, शून्याच्या ब्लीडने येत नाही.

मजकूर इंग्रजीत आणि चर्चा मराठीत, यामुळे नाशिकच्या मेजावर आणखी एक गोंधळ होतो. ‘घेता येतो’ आणि ‘घ्यावा लागतो’ यांतला फरक बोलण्याच्या ओघात गळतो. ‘त्याऐवजी’, ‘प्रत्येकी’, ‘दुसरा’ हे शब्दही असेच गळतात, आणि वाद नेमका त्यांच्यावरच असतो. पत्ता आधी आहे तसा पूर्ण वाचावा, मग मराठीत समजावावा. अर्धे वाक्य वाचून ‘म्हणजे काय तर…’ सुरू करणाऱ्याला थांबवलेले बरे.

पाळीचा प्रश्न. शब्दांवरून जितकी भांडणे होतात त्याहून जास्त ‘आता बोलायची पाळी कोणाची’ यावरून होतात. नियम सोपा आहे. कोणताही परिणाम खेळण्याची पहिली संधी कृती करणाऱ्या खेळाडूला. त्याने सोडली तर ज्याच्यावर कृती आहे त्याला, मग घड्याळाच्या दिशेने बाकीच्यांना. कोणी काही खेळला की संधी पुन्हा कृती करणाऱ्याकडे. ओळीने सगळ्यांनी सोडली की पुढचा टप्पा.

हे ब्लीडवर लावून पाहू. घड्याळाच्या दिशेने पाच जण बसले आहेत, त्यांना नाशिकच्या वस्त्यांची नावे देऊ : पंचवटी, द्वारका, नाशिकरोड, सिडको, सातपूर. पंचवटीचा व्हॅम्पायर द्वारकेला १ ने ब्लीड करतो. ब्लीड ही एका खेळाडूवर रोखलेली (डायरेक्टेड) कृती असल्याने फक्त द्वारका अडवू शकतो, आणि तो अडवत नाही. पंचवटीच्या हातात ब्लीड २ ने वाढवणारा पत्ता आहे. द्वारकेकडे ‘डिफ्लेक्शन’ (ब्लीड दुसऱ्याकडे वळवणारा पत्ता) असेल अशी त्याला भीती आहे, म्हणून तो म्हणतो, ‘आधी तू काय करतोस ते बघू.’ असे म्हणण्याची सोय नियमात नाही. त्याने संधी सोडली, द्वारकेने सोडली, बाकीच्यांनीही सोडली, तर ब्लीड १ चीच लागते. ‘थांब, आता वाढवतो’ याला अर्थ उरत नाही. मेजावरचे सर्वांत लांबणारे भांडण हेच, आणि त्यात पत्त्यावरच्या एकाही शब्दाचा संबंध नसतो.

द्वारकेने डिफ्लेक्शन खेळून ब्लीड नाशिकरोडकडे वळवली तर चित्र पालटते. नाशिकरोडला आता अडवण्याची संधी मिळते, कारण लक्ष्य नवे आहे. तोवर जमलेली स्टेल्थ (अडवणाऱ्याला चुकवण्याची ताकद) आणि ब्लीडची वाढ कृतीवर तशीच राहते. पत्ता खेळला गेल्याने पहिली संधी पुन्हा पंचवटीकडे येते आणि हातातली वाढ तो आता टाकू शकतो. टाकावी का, हा वेगळा प्रश्न : नाशिकरोड बाद झाला तर गुण द्वारकेला जाणार. नाशिकरोड आपले डिफ्लेक्शन खेळून ब्लीड पुन्हा द्वारकेवर ढकलू शकतो, पंचवटीवर मात्र नाही, कारण कृती करणाऱ्याच्या मालकाकडे ती वळवता येत नाही. ब्लीड परत आल्यावर द्वारकेकडे दुसरे डिफ्लेक्शन असले तरी आधीच्याच व्हॅम्पायरला ते खेळता येणार नाही : एक मिनियन एका कृतीत तोच प्रतिक्रियापत्ता पुन्हा खेळू शकत नाही. दुसऱ्या व्हॅम्पायरकडून चालेल. कृती बदलणाऱ्या पत्त्यांनाही (ॲक्शन मॉडिफायर) हेच बंधन आहे. ब्लीड वाढवणाऱ्या पत्त्यावर ‘लिमिटेड’ असेल तर एका कृतीत तशी एकच वाढ, ब्लीड कितीही जणांकडे फिरली तरी.

स्टेल्थ आणि इंटरसेप्ट. इथला नियम ‘गरज असेल तरच’ एवढाच आहे. तो विसरून लोक आगाऊ पत्ते टाकतात. पंचवटीचा व्हॅम्पायर शिकारीला (हंट) निघतो. या कृतीला अंगची +१ स्टेल्थ असते आणि ती कोणा एकावर रोखलेली नसते, म्हणून आधी सावज द्वारका, मग शिकारी सातपूर अडवू शकतो; नाशिकरोड आणि सिडको नाही. द्वारकेचा मिनियन ० इंटरसेप्टने (स्टेल्थ गाठण्याची ताकद) अडवायला येतो. स्टेल्थ १, इंटरसेप्ट ०. पंचवटीला आणखी स्टेल्थ खेळता येत नाही, कारण गरजच नाही. द्वारकेने +१ इंटरसेप्ट खेळला की १ ला १, म्हणजे अडवणे यशस्वी होणार. आता स्टेल्थ खेळता येते. +२ चा पत्ता असेल तर तोही चालतो : खेळताना गरज असावी लागते, ती नेमकी तेवढीच असावी असे नाही. स्टेल्थ ३ झाली. द्वारकेने ‘आता अडवत नाही’ म्हटले की तो निर्णय पक्का. सातपूरला मात्र ३ चाच डोंगर चढावा लागतो, कारण स्टेल्थ कृती संपेपर्यंत टिकते.

खर्च आणि पुनरावृत्ती. कृतीपत्त्याचा खर्च कृती यशस्वी झाल्यावर भरायचा. अडवली गेली तर रक्त जात नाही, पत्ता मात्र ॲश हीपमध्ये (वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात) जातो. मॉडिफायर आणि प्रतिक्रियापत्त्यांचा खर्च खेळता क्षणीच. नवशिके हे नेमके उलटे करतात, आणि दोन फेऱ्यांनी लक्षात आले की कोणाकडे किती रक्त होते हे कोणालाच आठवत नाही. एकाच मिनियनला एका पाळीत दोनदा ब्लीड किंवा दोनदा राजकीय कृती करता येत नाही. मधे कोणी त्याला अनलॉक केले तरी नाही.

एकमेव पत्ते. तोच व्हॅम्पायर दोघांनी आणला तर दोन्ही प्रती उलट्या ठेवून खेळाबाहेर राहतात. प्रत्येकाने आपल्या अनलॉक टप्प्यात १ पूल भरायचा किंवा हक्क सोडायचा. सोडणाऱ्याची प्रत जळते. यात अर्थाचा वाद क्वचितच होतो. दरवेळी पूल भरायला विसरणे हीच काय ती अडचण.

लढाई. दोन्ही बाजूंचे वार एकाच वेळी लागतात. ‘फर्स्ट स्ट्राइक’ त्यांच्या आधी, आणि ‘कॉम्बॅट एन्ड्स’ सगळ्यांच्या आधी, अगदी फर्स्ट स्ट्राइकच्याही. हा क्रम कागदावर लिहून मेजावर ठेवला तर अर्धे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

मेजावरची रीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळ्या सांभाळून नाशिकरोडपासून पंचवटीपर्यंतचे पाच जण एका जागी बसवणे मुळातच अवघड. स्पर्धेतल्या फेरीची वेळमर्यादा साधारण २ तास असते आणि वेळ संपल्यावर उरलेल्या प्रत्येकाला अर्धा गुण मिळतो, म्हणून लांबलेला वाद नेहमीच कोणाच्या तरी पथ्यावर पडतो.

शंका निघाली की सगळ्यांनी हात थांबवावेत. विशेषतः नवा पत्ता ओढू नये. एरवी खेळलेल्या पत्त्याच्या जागी लगेच दुसरा घ्यायचा असतो, पण तो एकदा पाहिला की डाव मागे नेणे कठीण होते. मग मोठ्याने सांगावे : पाळी कोणाची, टप्पा कोणता, कोणी कोणी संधी सोडली. बऱ्याचदा प्रश्न इथेच सुटतो. नाही सुटला तर अधिकृत मजकूर, पुस्तिका, जुने निर्वाळे, याच क्रमाने.

हात वर करून बहुमत मोजण्याची सवय वाईट. मेंढीकोटात घराघराचे नियम चालून जातात कारण जोड्या ठरलेल्या असतात. इथे पाचातला प्रत्येक जण कोणाचा तरी शिकारी आणि कोणाचे तरी सावज असतो, त्यामुळे मत मागितले की नियमाऐवजी स्वार्थ मोजला जातो. सौदे आणि घासाघीस खेळाचा भाग आहेत, पण नियमाचा अर्थ सौद्यात घालू नये. लिखित काहीच सापडले नाही तर नाणे उडवावे, ठरलेला अर्थ त्या डावापुरता सर्वांना सारखा लावावा आणि वहीत पत्त्याचे नाव, प्रश्न व तारीख टिपावी. पुढच्या बैठकीआधी अधिकृत निर्वाळा सापडला, तर वहीतली ओळ खोडून तो लिहावा.