औष्णिक प्रसरण

पदार्थ तापला की त्याची लांबी, क्षेत्रफळ किंवा आकारमान वाढते. या वाढीला औष्णिक प्रसरण म्हणतात. निवल्यावर पदार्थ पुन्हा आकसतो. घन पदार्थातले अणू जागच्या जागी थरथरत असतात. तापमान चढले की थरथर जोर धरते आणि शेजारच्या अणूंमधले सरासरी अंतर किंचित वाढते. पाण्याचे वागणे मात्र ० ते ४ अंश सेल्सिअस या पट्ट्यात उलटे असते.

उष्णता आणि तापमान यांची बोलण्यात फार सरमिसळ होते. कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप म्हणजे तापमान; गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाणारी ऊर्जा म्हणजे उष्णता. उकळता चहा नागपूरच्या अंबाझरी तलावापेक्षा कितीतरी गरम असतो, पण असे लाखो कप ओतूनही तलाव एका अंशाने तापणार नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हे झाले सावलीतले तापमान. उन्हातला टिनाचा पत्रा ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. दिवस मावळला की घरावरचे पत्रे टकटक वाजू लागतात, ते आकसताना खिळ्यांशी अडखळत सरकतात म्हणून. टिनाचा म्हणतात तो पत्रा खरे तर पोलादाचाच असतो. पोलादाचा एकरेषीय प्रसरणांक, म्हणजे एक अंश तापल्यावर दर मीटर लांबीमागे होणारी वाढ, सुमारे ०.००००१२ मीटर आहे. त्या हिशेबाने ३ मीटरचा पत्रा ६५ वरून ३० अंशांवर येताना सव्वा मिलिमीटर आखडतो. रोजच्या या ओढाताणीने खिळ्याचे भोक रुंदावते आणि मृगाच्या पहिल्या सरीत नेमके तिथूनच पाणी गळते. जाणता कारागीर म्हणूनच भोक जरा सैल ठेवून वर रबरी वायसर बसवतो.

वाढ किती होते, एवढे सांगून शालेय धडे बहुधा थांबतात. खरे महत्त्व अडवलेल्या वाढीला आहे. एक किलोमीटरचा मोकळा रूळ ५० अंशांनी तापला तर ६० सेंटिमीटर वाढेल. पूर्वी रुळांच्या सांध्यांत त्यासाठी फट सोडत. आता रूळ सलग जोडलेले असतात. स्लीपर आणि खडी त्यांना जखडून ठेवतात. वाढीला वाव नसला की रुळात दाब साचतो. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ ३० अंशांनी तापला तर हा दाब सुमारे ५५ टन भरतो. खडी ढिली असेल तर रूळ बाजूला वाकतो. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. अशा मार्गांवर भर दुपारी रुळांवर गस्त घालावी लागते. ते काम किती कष्टाचे आहे, हे इथला उन्हाळा सोसलेल्यालाच कळेल.

हाच जोर लोहार कामाला लावत आला आहे. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीचे कडे, चाकाहून थोडी लहान घडवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की कड्याबरोबर आतली पोकळीही मोठी होते. मग धाव चाकावर चढवून वर पाणी ओततात. आकसताना ती लाकडी पाट्या आणि आरे आवळून घेते. एकही खिळा लागत नाही.