दोन पौंडांत एक पेनी परत

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये एक जुना कॉम्प्युटर पुन्हा विक्रीला आला. काळं छोटं खोकं, करड्या रबरी कळा, उजव्या कोपऱ्यात तिरका रंगीत पट्टा. दिसायला हुबेहूब १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम, आत मात्र आजची चिप आणि आधीच भरून ठेवलेले ४८ गेम. ज्यांच्यासाठी तो काढला ती मंडळी आता पन्नाशीच्या आसपास आहेत. ती जुन्या गेमबद्दल बोलायला लागली की एक गंमत लक्षात येते. नावाजलेल्या, महागड्या गेमचा विषय लवकर आटोपतो. जीव अडकलेला असतो तो कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे १ पौंड ९९ पेन्सला मिळणाऱ्या कॅसेटींमध्ये. त्यातल्या कितीतरी धड नव्हत्या, हेही तेच हसत हसत सांगतात.

कॅसेट हा शब्द आधी नीट समजून घ्यायला हवा. आपल्याकडे नव्वदीत 'व्हिडिओ गेमची कॅसेट' म्हणजे तो प्लॅस्टिकचा ठोकळा, फुंकर मारून खाचेत बसवायचा. ब्रिटनमधली ही कॅसेट म्हणजे गाण्यांची असते तीच, पेन्सिल घालून फीत गुंडाळायची ती. तिच्यावर गाण्याऐवजी कर्कश किरकिर असायची, आणि ती किरकिर म्हणजेच गेम.

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने स्पेक्ट्रम बाजारात आणला एप्रिल १९८२ मध्ये. १६ के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ के चा १७५ ला. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे टायमेक्सच्या कारखान्यात त्याची जुळणी व्हायची. त्याच वर्षी बीबीसीने लोकांना संगणकसाक्षर करण्याचा मोठा उपक्रम टीव्हीवरून सुरू केला होता आणि त्यासाठी एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला होता. हाच बीबीसी मायक्रो १९८४ पासून 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून भारतातल्या शाळांतही पोचला. पण घरी घ्यायला तो महाग. त्यामुळे आईवडिलांनी 'अभ्यासाला उपयोगी पडेल' म्हणून आणला तो बहुधा सिंक्लेअर नाहीतर कमोडोर. अभ्यास किती झाला, हे कुठल्याही देशातल्या आईवडिलांना विचारू नये.

वेगळा मॉनिटर नाही, डिस्क नाही. घरातला टीव्ही आणि घरातलाच टेपरेकॉर्डर वापरायचा. स्पेक्ट्रमवर 'जे' ही कळ दाबली की अख्खा 'लोड' शब्द उमटायचा. पुढे दोन अवतरणचिन्हं टाकायची आणि टेप चालू करायची. आधी एकसुरी लांब शिट्टी, पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे. मग निळ्या-पिवळ्या बारीक रेघांची थरथर. चित्र आधी काळंपांढरं उमटायचं आणि पूर्ण झाल्यावर शेवटच्या क्षणी त्यात झरझर रंग भरायचे. चार-पाच मिनिटं श्वास रोखून बसायचं, आणि शेवटाला टेप नीट वाचली गेली नाही असा निरोप आला की पुन्हा पहिल्यापासून. टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू किती फिरवायचा, हे तेव्हाच्या दहा वर्षांच्या पोरांना पाठ होतं.

गेमचं माध्यम म्हणून ही फीत स्वस्त होती, आणि तिथेच गोम होती. गाण्याची कॅसेट जशी उतरवून घेता येते तसा गेमही उतरवता यायचा. एक कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट आणि दोन डेकचा टेपरेकॉर्डर असला की वर्गातल्या एकाने घेतलेला गेम आठवड्यात सगळ्यांकडे पोचायचा. १९८३ मध्ये 'मॅनिक मायनर' ५ पौंड ९५ पेन्सला होता. शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांतून ही रक्कम जमायला आठवडेच्या आठवडे लागत. मग मित्राकडून उतरवून घेणं हाच सरळ मार्ग.

या चोरीवर ब्रिटिश गेमवाल्यांनी दोन अगदी उलट उपाय काढले. ॲशबी-द-ला-झूश या गावातली अल्टिमेट ही त्या वेळची सगळ्यात मानाची कंपनी. तिने १९८४ मध्ये 'सेबर वुल्फ'ची किंमत थेट ९ पौंड ९५ पेन्स केली. एवढे पैसे मोजलेला मुलगा आपली कॅसेट सहजासहजी दुसऱ्याला उतरवू देणार नाही, असा हिशोब. मला हा हिशोब नेहमीच मजेशीर वाटत आला आहे. माणसाच्या कंजुषीवर एवढा विश्वास क्वचितच कुणी टाकला असेल.

दुसरा उपाय मास्टरट्रॉनिकचा. १९८३ मध्ये ही कंपनी उभी करणारे मार्टिन ॲल्पर, फ्रँक हर्मन आणि ॲलन शॅरम हे कॉम्प्युटरवाले नव्हतेच. व्हिडिओ कॅसेटच्या वितरणातून आलेली माणसं होती ती. माल कुठे ठेवला की खपतो, हे त्यांना ठाऊक होतं. गेम कोणता आहे यापेक्षा तो कुठल्या दुकानात, किती उंचीवर, गल्ल्यापासून किती हातांवर आहे याचा त्यांनी विचार केला. १९८४ मध्ये त्यांनी १ पौंड ९९ पेन्सच्या कॅसेटी काढल्या आणि कॉम्प्युटरच्या दुकानांवर न थांबता पेपरवाले, गोळ्या-चॉकलेटची दुकानं, पेट्रोलपंप अशा ठिकाणी नेऊन ठेवल्या. गेम तोवर जिथे कधी दिसलाच नव्हता तिथे.

किंमतही नेमकी. ब्रिटनमध्ये एक पौंडाचं नाणं चलनात आलं एप्रिल १९८३ मध्ये. वर्षभराने आलेल्या या कॅसेटीला अशी दोन नाणी पुरायची, वर एक पेनी परत. कोऱ्या कॅसेटीचे पैसे, मित्राच्या मिनतवाऱ्या आणि फसलेली नक्कल हे सगळं धरलं तर दोन पौंडांत खरीच घेतलेली बरी पडायची.

हे वाचताना मराठी वाचकाला आपल्याकडचं काही आठवलं तर ते चुकीचं नाही. त्याच दशकात गुलशनकुमारच्या टी-सीरीजने गाण्यांच्या स्वस्त कॅसेटी रेकॉर्डच्या दुकानांतून बाहेर काढून पानाच्या टपरीवर आणि वाण्याच्या दुकानात नेल्या. दोन्हीकडे वस्तू तीच, युक्ती तीच: भाव इतका खाली आणायचा आणि माल इतका हाताशी ठेवायचा की गिऱ्हाइकाने विचार करायच्या आत पैसे काढावेत. गुणवत्तेवरून नाकं मुरडणारेही दोन्हीकडे होतेच.

नाकं मुरडायला जागाही होती. दोन पौंडांत दुकानदार, वितरक, छपाई यांचं भागवून लेखकाच्या हाती पडायचे ते थोडे पेन्स. त्यामुळे हे गेम लिहिणारे बहुतेक घरच्या खोलीत बसलेले, मिसरूड फुटलेले मुलगे. एकट्यानेच प्रोग्रॅम, एकट्यानेच चित्रं. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावायचे. हिरव्या झाडासमोरून लाल माणूस गेला की झाडही लाल व्हायचं, नाहीतर माणूस हिरवा. महागड्या गेमचे लेखक ही अडचण लपवायच्या शंभर युक्त्या करत. स्वस्त गेममध्ये ती बिनदिक्कत दिसायची.

आणि तरीही त्या ढिगातून काही अव्वल गोष्टी निघाल्या. १९८५ चा मास्टरट्रॉनिकचा 'फाइंडर्स कीपर्स' घ्या, डेव्हिड जोन्सने लिहिलेला. त्यातला चिलखत घातलेला छोटा मॅजिक नाइट पुढे आणखी तीन गेममध्ये झळकला. त्याच वर्षीच्या 'वन मॅन अँड हिज ड्रॉइड'चं नाव मेंढपाळांच्या कुत्र्यांवरच्या बीबीसीच्या कार्यक्रमाची नक्कल होती; इथे कुत्र्याऐवजी रोबो. कमोडोर ६४ वर या गेमला रॉब हबर्डने संगीत दिलं. कमोडोरच्या सिड नावाच्या चिपला एका वेळी तीनच स्वर येत. तेवढ्यात या माणसाने जे केलं ते ऐकायला मुलं गेम न खेळता नुसती लावून बसत. दोन पौंडांच्या वस्तूला इतकं चांगलं संगीत मिळावं हा व्यवहार कुठल्याच हिशोबात बसत नाही.

मास्टरट्रॉनिकचं चाललेलं पाहून बाकीचेही आले. ब्रिटिश टेलिकॉमनेही, म्हणजे चक्क टेलिफोन कंपनीने, १९८४ मध्ये 'फायरबर्ड' नावाने गेम काढायला सुरुवात केली. आपल्या एमटीएनएलने फोनच्या बिलासोबत गेमही विकावेत, तसंच काहीसं. पण १९८६ मध्ये त्यांच्याच स्वस्त मालिकेत आलेला 'थ्रस्ट' आजही हातात घेतला तर सुटत नाही: गुरुत्वाकर्षणाशी झगडत एक जड गोळा दोरीला बांधून गुहेबाहेर काढायचा, बस, एवढंच.

मास्टरट्रॉनिकसाठी गेम लिहिणाऱ्यांत रिचर्ड आणि डेव्हिड डार्लिंग हे दोन भाऊ होते. दोघेही तेव्हा विशीच्या आतले. दुसऱ्यांसाठी लिहिण्यापेक्षा आपणच विकावं, असं ठरवून त्यांनी १९८६ मध्ये वडिलांच्या साथीने कोडमास्टर्स ही कंपनी काढली. त्यांचं एक तंत्र होतं: कुठल्याही उद्योगाला 'सिम्युलेटर', म्हणजे खऱ्याची हुबेहूब नक्कल करणारा खेळ, हे शेपूट जोडायचं. 'बीएमएक्स सिम्युलेटर', 'ग्रां प्री सिम्युलेटर', पुढे तर जुगाराच्या यंत्राचाही सिम्युलेटर. १९८८ च्या एप्रिल फूलला 'युअर सिंक्लेअर' मासिकाने 'ॲडव्हान्स्ड लॉनमोवर सिम्युलेटर' नावाच्या गेमचं साग्रसंगीत परीक्षण छापलं. कळ दाबायची, गवत कापायचं, संपलं. विनोद इतका लागला की त्या गेमचं नाव अजून निघतं.

कोडमास्टर्सचं खरं सोनं मात्र निराळं. फिलिप आणि अँड्र्यू ऑलिव्हर या जुळ्या भावांनी १९८७ मध्ये त्यांना 'डिझी' दिला. एक अंडं, त्याला हातमोजे, बूट आणि मोठे डोळे. अंडंच का, तर चेहऱ्यावरचे भाव दिसायला चेहरा मोठा हवा, आणि एवढ्याशा चित्रात चेहरा मोठा केला की धडाला जागाच उरत नाही. हे अंडं उडी मारताना कोलांटी घ्यायचं, म्हणून नाव डिझी. वस्तू गोळा करायच्या, कुठली कुठे लागते ते ओळखायचं, कोडी सोडवायची. मारामारी जवळजवळ नाहीच.

त्याच वर्षीचा दुसरा भाग 'ट्रेझर आयलंड डिझी' त्याच्या दुष्टपणासाठी लक्षात राहिला. सगळ्या गेममध्ये जीव एकच. तीस नाणी शोधायची, त्यातली काही पाण्याखाली. पाण्यात श्वास घ्यायला तोंडात धरायची नळी, म्हणजे स्नॉर्केल, सोबत हवी. पण हातात वस्तू ठरावीकच मावत, आणि एक कळ दाबली की रांगेतली पुढची वस्तू आपोआप खाली ठेवली जायची. समुद्रतळाशी नाण्यासाठी कळ दाबावी आणि डिझीने नेमकी नळीच खाली ठेवावी! तासाभराची मेहनत पाण्यात, शब्दशः. पुन्हा शिट्टी, पुन्हा पहिल्यापासून. महागडा गेम असता तर मुलांनी शिव्या घातल्या असत्या. दोन पौंडांचा होता, म्हणून परत खेळले. आज त्या नळीचा विषय काढला की कुठलाही पन्नाशीचा ब्रिटिश माणूस कपाळाला हात लावतो आणि मग त्यावर अर्धा तास बोलतो. आठवणीत राहायला गेम उत्तम असण्याची गरज नव्हती. घरात आणखी चार गेम नव्हते, म्हणून तोच पुन्हा पुन्हा खेळला गेला.

दरम्यान यंत्राचा मालक बदलला होता. एप्रिल १९८६ मध्ये ॲलन शुगरच्या ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना उचलला आणि त्याच वर्षी टेपरेकॉर्डर आतच बसवलेला 'स्पेक्ट्रम प्लस टू' काढला. यातला विनोद असा की दोन डेकचे टेपरेकॉर्डर घरोघरी विकणारी, कॅसेट उतरवायला मदत करते म्हणून संगीत कंपन्यांनी कोर्टात खेचलेली कंपनी हीच ॲमस्ट्रॅड. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या बाजूने निकाल दिला. नक्कल कुणी करतो याला यंत्र विकणारा जबाबदार नाही, असं त्याचं सार. भारतातही डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' काढला. पुढे तो बाजार विरला.

ब्रिटनमध्ये स्वस्त गेमचा शेवट कुणी खलनायकाने केला नाही. स्वस्ताईनेच तो केला. ओशनसारख्या बड्या कंपन्यांनी आपलेच वर्ष-दोन वर्षं जुने झालेले नामांकित गेम पुन्हा छापून ३ पौंडांच्या आत विकायला काढले. मग अनोळखी पोराचा नवा गेम कोण घेणार? त्यानंतर मासिकांनी मुखपृष्ठावर अख्खे गेम असलेल्या कॅसेटी चिकटवायला सुरुवात केली, आणि किंमत शून्यावर आली. १९९२ मध्ये स्पेक्ट्रमचं उत्पादन थांबलं.

मास्टरट्रॉनिकची गत आणखी विलक्षण. १९८७ मध्ये तिला सेगा या जपानी कंपनीच्या मास्टर सिस्टिम या गेमच्या यंत्राचं ब्रिटनमधलं वितरण मिळालं. मग व्हर्जिनने कंपनी विकत घेतली, आणि १९९१ मध्ये सेगाने वितरणाचा धंदा आपल्याकडे घेऊन त्यातून आपली युरोपची शाखा उभी केली. सेगाचे गेम ठोकळ्यात यायचे आणि त्यांची किंमत मास्टरट्रॉनिकच्या जुन्या कॅसेटीच्या दहा पटींच्या घरात. दोन पौंडांची कॅसेट पेपरवाल्याच्या दुकानात पोचवणारी तीच वाट आता वीस पौंडांच्या ठोकळ्यांना कामी आली.

२०२४ च्या नव्या यंत्रात फीत नाही, शिट्टीची वाट पाहणंही नाही. पेनड्राइव्हवरून जुने गेम घालता येतात, आणि चूक झालीच तर खेळ काही सेकंद मागे नेण्याची सोय आहे. पाण्यात सुटलेली नळी आता बुडायच्या आत परत उचलता येते.