अमेरिकेचा अपंगत्व विमा: नामंजुरीचे मूळ कुठे आहे?

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या सामाजिक विमा योजनेकडे, अपंगत्व लाभासाठी आलेल्या अर्जांपैकी साधारण तीनातले दोन पहिल्याच फेरीत नामंजूर होतात. कागदपत्रे अपुरी होती, डॉक्टरांच्या नोंदी त्रोटक होत्या, अशी कारणे दिली जातात आणि ती खोटी नसतात. पण मूळ कारण कायद्याच्या प्रश्नातच आहे. माणूस किती आजारी आहे यापेक्षा तो कोणते का होईना काम करू शकेल का, हे इथे पाहिले जाते.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात वृद्धांसाठी निवृत्तिवेतन होते, अपंगत्वाचा विमा नव्हता. त्याच सुमारास मंदीमुळे खासगी विमा कंपन्या अपंगत्वाच्या पॉलिसींवर पोळून निघाल्या होत्या. नोकरी गेली की माणसाला आपली दुखणी आठवतात, ही धास्ती तेव्हापासून विमागणितज्ञांच्या मनात बसली. १९५४मध्ये पहिले पाऊल पडले तेही बिनपैशाचे: अपंगत्वाच्या काळात पेन्शनचा हिशेब गोठवायचा, म्हणजे बिनकमाईच्या वर्षांमुळे पेन्शन घटू द्यायची नाही, एवढेच. तपासणी राज्यांकडे सोपवली गेली. आजही पहिला निर्णय राज्याच्या कार्यालयात होतो, आणि बहुधा अर्जदाराला न पाहता, फाइलवरून.

रोख लाभ १९५६मध्ये आला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध होता. सिनेटमध्ये तरतूद ४७ विरुद्ध ४५ मतांनी निभावली आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केली. लाभ फक्त ५० ते ६४ वयोगटाला. वयाची अट १९६०मध्ये गेली. अंशतः अपंगत्वाला मात्र तेव्हाही जागा नव्हती, आजही नाही. माजी सैनिकांच्या खात्यात अपंगत्व टक्क्यांत मोजतात. तिथे मोठी टक्केवारी मिळालेला माणूस इथे नाकारला जातो तो म्हणूनच.

माझ्या मते खरा वळणबिंदू १९६७चा. त्याआधी, १९६०च्या कर्नर खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले होते की अर्जदार काम करू शकतो असे नुसते तत्त्वतः म्हणून भागणार नाही. त्याला मिळण्याजोगे काम आहे का, तेही पाहिले पाहिजे. दावे आणि खर्च वाढले, तसा १९६७मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायद्यात नवे वाक्य घालून तो मार्ग बंद केला. देशाच्या अर्थव्यवस्थेत तसे काम पुरेशा संख्येने असले म्हणजे झाले. ते अर्जदाराच्या भागात आहे का, जागा रिकामी आहे का, त्याला कोणी कामावर घेईल का, या प्रश्नांना कायद्याने अर्थच ठेवला नाही. पाठीने कायमचा अधू झालेला खाणकामगार बसून करायच्या कामास योग्य ठरू शकतो तो या वाक्यामुळे.

मग 'अशी कामे कोणती' हे ठरवायला वय, शिक्षण आणि अनुभवाचे तक्ते आले (१९७८). पन्नाशीच्या अलीकडच्यांना ते फारसे धार्जिणे नाहीत. सोबत कामगार खात्याचा व्यवसायकोश होता. त्याची शेवटची सुधारणा १९९१ची, त्यामुळे हवेच्या दाबाने नळीतून चिठ्ठ्या पाठवणाऱ्याची नोकरीसुद्धा नामंजुरीसाठी पुढे करता येत असे!

राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात, १९८१पासून, आधी मंजूर झालेल्यांचीही फेरतपासणी सुरू झाली आणि लाखोंचे लाभ थांबले. मानसिक आजाराचे लोक त्यात फार भरडले गेले. काही राज्यांनी आदेश पाळायला नकार दिला, न्यायालयांत दाव्यांचा ढीग लागला, आणि १९८४मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने सुधारणा कायदा केला: प्रकृती सुधारल्याचा पुरावा असल्याशिवाय लाभ सहसा थांबवायचा नाही. हा दिलासा लाभ चालू असलेल्यांना. नव्या अर्जदाराची व्याख्या तीच राहिली.

ज्यांचे वैद्यकीय कागद कोणी उघडतही नाही, अशा नामंजुऱ्या वेगळ्याच. हा विमा आहे, त्यामुळे पुरेसा कर भरलेला लागतो. तिशी ओलांडलेल्यांना साधारणपणे अपंगत्व येण्याआधीच्या दहा वर्षांतली पाच वर्षे. मुलांसाठी किंवा आईवडिलांच्या आजारपणासाठी नोकरी सोडून घरी राहिलेल्या बायका इथे अडकतात.

२०२४मध्ये सोशल सिक्युरिटी प्रशासनाने कालबाह्य अशा शंभराहून अधिक नोकऱ्यांचा आधार घेणे थांबवले. १९६७च्या त्या वाक्याला मात्र हात लागलेला नाही.