कौटुंबिक वाइनरी

द्राक्षबाग, वाइन तयार करण्याचे काम आणि विक्री या तिन्ही गोष्टी एकाच घराच्या हातात असतात, अशा लहान वाइनरीला कौटुंबिक वाइनरी म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबई हा अशा वाइनरींचा गिऱ्हाइकांचा पट्टा. वाइनची द्राक्षे इथे पिकत नाहीत. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस आणि बारमाही दमट हवा म्हटल्यावर वेलीवर केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग ठाण मांडून बसतात. शिवाय रात्री पुरेशा थंड होत नाहीत, त्यामुळे साखर चढेपर्यंत फळातला आंबटपणा उडून जातो. म्हणून बागा घाटावर आहेत, मुख्यतः नाशिक परिसरात. तिथे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी) आणि जानेवारीअखेर ते मार्च तोडणी, असे वर्ष फिरते.

वाशीच्या फळबाजारात हंगामात गाड्याच्या गाड्या द्राक्षे उतरतात. त्यांची वाइन का करत नाहीत, हा प्रश्न नवी मुंबईत हमखास विचारला जातो. ती थॉमसन, सोनाका, शरद अशी खाण्याची द्राक्षे असतात. जिब्रेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाने त्यांचे मणी फुगवलेले असतात, साल पातळ असते आणि बी नसते. रंग, तुरटपणा आणि बराचसा सुगंध सालीतच असतो. फुगीर मण्यात रस खूप आणि त्या मानाने साल थोडी, म्हणून वाइन पाणचट होते. त्यांची गोडी १७-१८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचे माप) आसपास असते आणि त्यातून जेमतेम १० टक्के अल्कोहोल मिळते. वाइनच्या शिराझ किंवा कॅबर्ने जातीचा मणी बोराच्या बीएवढा, जाड सालीचा असतो. तो २३-२४ ब्रिक्सला तोडला की १३ टक्क्यांच्या पुढे जातो.

पाच एकरांची बाग धरली, तर चांगल्या प्रतीसाठी एकरी ४ टनांवर थांबावे लागते. खाण्याच्या द्राक्षाला एकरी १० टन सहज निघतात, त्यामुळे शेतकरी घराला हा हिशेब आधी पटत नाही. टनाला ६०० ते ७०० लिटर वाइन निघते. म्हणजे वीस टनांतून तेरा हजार लिटर, ७५० मिलीच्या साधारण सतरा हजार बाटल्या. एवढ्याच मालात घर चालवायचे असते, म्हणून एक टाकी बिघडणे परवडत नाही.

तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवतात. माल वीस-वीस किलोच्या क्रेटमध्येच न्यायचा. ट्रॉलीत ढीग केला तर तळची द्राक्षे दबून वाटेतच आंबायला लागतात. देठ काढून मणी फोडताना टनामागे ८० ते १०० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकतात, ते रानटी जंतूंना आवर घालते. मग यीस्ट, शंभर लिटरला २० ते २५ ग्रॅम. ते आधी दसपट कोमट पाण्यात (३८ ते ४० अंश) पंधरा-वीस मिनिटे फुगवायचे आणि थंड रसात एकदम ओतायचे नाही. दोघांच्या तापमानात १० अंशांहून जास्त फरक असला की यीस्टला धक्का बसतो आणि पुढे काम रेंगाळते.

रेड वाइनमध्ये दुसऱ्या दिवशी साली वर येऊन घट्ट थर बसतो. तो दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावा लागतो, रात्रीची पाळीसुद्धा चुकत नाही. तसाच राहिला तर वरची साल सुकून तिथे व्हिनेगरचे जंतू धरतात. रेडला २४ ते ३०, व्हाइटला १२ ते १८ अंश ठेवायचे असते. वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि टाकी ३५ वर पोहोचली, की यीस्ट मरगळते. उरलेली साखर मग जीवाणू खातात. मध्येच सडक्या अंड्याचा वास आला तर बहुतेकदा यीस्टला नायट्रोजन कमी पडलेला असतो. त्याच दिवशी डायअमोनियम फॉस्फेट देऊन हवा खेळवली की वास जातो. आठवडाभर दुर्लक्ष केले तर तो वाइनमध्ये मुरतो.

लहान वाइनरीचा खरा शत्रू अर्धी भरलेली टाकी. मोठ्या कारखान्यात उरलेला माल दुसऱ्या टाकीत ढकलता येतो, इथे दुसरी टाकीच नसते. वरच्या पोकळीतली हवा आठ-दहा दिवसांत वाइनला कापलेल्या सफरचंदासारखी तपकिरी करते. त्यावर उपाय म्हणजे झाकण वर-खाली सरकणारी टाकी. ती महाग असली तरी ओकच्या नव्या पिंपाआधी हीच घ्यावी. पिंप २२५ लिटरचे असते. त्यातली वाइन उडून कमी होते, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी वरपर्यंत भरावे लागते. जुने, नीट न धुतलेले पिंप वाइनला घोड्याच्या तबेल्याचा वास देते. काही जण त्याला ‘गावरान चव’ म्हणून खपवतात. तो दोषच आहे.

दुकानात उभे राहून कौटुंबिक वाइनरी ओळखायची तर मागचे लेबल वाचावे. पिकवणारा, बनवणारा आणि बाटलीत भरणारा एकच पत्ता असेल तर ठीक. बरेच छोटे ब्रँड दुसऱ्याच्या वाइनरीत कंत्राटाने भरून घेतात. त्यात वाईट काही नाही, पण ती त्या घराच्या हातची वाइन नव्हे. मालकीही बदलते : गंगापूर धरणाजवळची, एका कुटुंबाने उभी केलेली यॉर्क वाइनरी २०२१ मध्ये सुला या मोठ्या वाइन कंपनीकडे गेली.

नाशिकहून ठाण्यापर्यंतचा प्रवास कसारा घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये बंद टेम्पोत बाटल्या सहज ४५ अंशांपर्यंत तापतात. वाइन फुगून बूच वर सरकते आणि फळाची चव जाऊन मुरांब्यासारखी शिजकी चव येते. बाटली घेताना बुचावरची टोपी बोटांनी फिरवून पाहावी. चिकटून फिरत नसेल तर आतून गळती झालेली असू शकते. शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभी ठेवलेली पारदर्शक काचेची व्हाइट टाळावी. शेनिन किंवा सोव्हिन्यों ब्लाँ या जातींची व्हाइट शक्यतो दोन वर्षांच्या आतलीच घ्यावी.

घरी फ्रिजच्या वर किंवा गॅसजवळ नको, कपाटाच्या तळाशी आडवी ठेवावी. पावसाळ्यात लेबलवर बुरशी येते. ती कागदाची असते, आतल्या वाइनला काही होत नाही. बुचाला तर आपली दमट हवा मानवते. उघडलेली व्हाइट बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस, रेड चार दिवस टिकते. त्यानंतर ती मटणाच्या रश्श्यात घालावी.