मैत्रीपूर्ण सामना (फुटबॉल)

मैत्रीपूर्ण सामना : गुण, करंडक किंवा पुढच्या फेरीतील प्रवेश पणाला न लावता दोन संघ परस्परसंमतीने खेळतात तो सामना. मैदानावरचा रूढ शब्द ‘फ्रेंडली’. निधीसाठी वा एखाद्या खेळाडूच्या निरोपासाठी भरवलेल्या लढतीला प्रदर्शनीय सामनाही म्हणतात. स्थानिक संघाने नामवंत पाहुण्यांना हरवले की ती आठवण गावात पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मात्र मैदानात उतरलेले पाहुणे नेमके कोण होते, हे तपासल्याशिवाय त्या विजयाचे मोल ठरत नाही.

हा प्रश्न उगमापासूनचा आहे. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या नावाने ५ मार्च १८७० रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर सामना झाला व तो १-१ असा बरोबरीत सुटला. काही अभ्यासक हाच पहिला आंतरराष्ट्रीय सामना मानतात. परंतु त्यातील स्कॉटिश संघ मुख्यतः लंडन परिसरातील खेळाडूंमधून निवडलेला असल्याने फिफा तो मोजत नाही. ३० नोव्हेंबर १८७२ चा ग्लासगो येथील ०-० सामना पहिला ठरतो. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि त्या दिवशी स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. म्हणजे इंग्लंडला रोखले ते वस्तुतः एका स्थानिक क्लबने.

बदली खेळाडूंमुळेही निकालाचा अर्थ पालटतो. फेब्रुवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडने मध्यंतरात अकराही खेळाडू बदलले आणि सामना १-३ असा गमावला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघांच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत सहा बदलांची मर्यादा आली. क्लबांच्या सामन्यांत मात्र संघांनी आपसात संख्या ठरवून पंचांना आधी कळवले की पुरते. म्हणून अशा सामन्याचा गोलफलक वाचताना कोणत्या मिनिटाला कोण मैदानात होते, तेही पाहावे.

भारतात इस्लिंग्टन कॉरिंथियन्स या इंग्लिश हौशी संघाला नोव्हेंबर १९३७ मध्ये, तेव्हा भारतातच असलेल्या ढाक्याच्या संघाने १-० असे हरवले; त्या दौऱ्यातील भारतातला तो त्यांचा एकमेव पराभव समजला जातो. पेले खेळलेला मोहन बागान–न्यूयॉर्क कॉसमॉस सामना (कोलकाता, १९७७) २-२ असा सुटला, तरी तो विजयासारखाच सांगितला जातो. मोहन बागानचा १९११ मधील विजय मात्र आयएफए शील्ड या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला आहे. तो या प्रकारात धरणे चूक होय. मे २०१७ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील संघाने इटलीला २-० हरवल्याचे जाहीर झाले. पुढे प्रतिस्पर्धी हा राष्ट्रीय संघ नसून लेगा प्रो या तिसऱ्या श्रेणीच्या लीगमधील निवडक संघ असल्याचे उघड झाले. भारतीय मुलांचा खेळ त्यामुळे उणा ठरत नाही, नोंद तेवढी दुरुस्त करावी लागते.

नवी मुंबई : नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये सुरू झाले. ते क्रिकेटसाठी बांधलेले असले तरी २०१४ पासून काही काळ ते मुंबई सिटी एफसीचे घरचे मैदान होते. अल हिलाल हा सौदी संघ नोव्हेंबर २०२३ मध्ये येथे आला आणि मुंबई सिटीला २-० असे हरवून गेला. त्या संघाचा ब्राझिलियन खेळाडू नेमार जायबंदी असल्याने सोबत आला नव्हता. मात्र ती आशियाई चॅम्पियन्स लीगची लढत होती, मैत्रीपूर्ण नव्हे. घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधील मैदानावर फेब्रुवारी २०२० मध्ये मँचेस्टर युनायटेड, चेल्सी व साउदॅम्प्टन यांचे किशोर संघ भारतीय अकादमींच्या मुलांशी खेळले.